घाऊक ऑर्डरचा भाव कसा ठरवायचा? हाताने रंगवलेल्या दीडशे कोयऱ्यांचा हिशेब

"ताई, तुमच्या कोयऱ्या फार आवडल्या. मुलीच्या लग्नात बायकांना द्यायला दीडशे हव्यात. बल्कमध्ये काय रेट पडेल?"

असा मेसेज आला की कोयऱ्या (हळदीकुंकवासाठीचे आंब्याच्या आकाराचे लाकडी करंडे) रंगवून विकणारी नवखी कलाकार डोक्यातल्या डोक्यात हिशेब करते. एक कोयरी साडेचारशेला जाते, दीडशे घेतायत म्हणजे कमी तर करावंच लागेल, तीनशे सांगून टाकू. पंचेचाळीस हजार एकदम! उत्तर पाठवून होतं आणि लाकूड किती लागणार, रात्री किती जागावं लागणार, हे प्रश्न त्यानंतर पडतात.

घाऊक म्हणजे स्वस्त, हा नियम आपण किराणा दुकानात शिकलो. तिथे तो बरोबर आहे. हाताच्या कामात मात्र दीडशेवी कोयरीही पहिलीसारखीच हातात धरून रंगवावी लागते. त्यामुळे घाऊक ऑर्डरमध्ये स्वस्त होतं काय आणि होत नाही काय, हे वेगळं काढता आलं की भाव ठरवणं फारसं अवघड राहत नाही. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावात, तुमच्या हाताच्या वेगाने ते वेगळे येतील.

भाव सांगण्याआधी विचारून घ्या

"रेट काय?" या प्रश्नाला लगेच आकडा देऊ नका. आधी चार गोष्टी विचारा: माल कोणत्या तारखेला हवा, कुठे पोचवायचा, प्रत्येक नगावर वेगळं काही लिहायचं आहे का, आणि साधारण किती रुपयांपर्यंत बसवायचं आहे. शेवटचा प्रश्न विचारायला बऱ्याच जणी संकोचतात. खरं तर त्याने दोघांचाही वेळ वाचतो. समोरच्या काकूंच्या मनात नगाला दीडशे रुपये असतील, तर ही कोयरी त्यांच्यासाठी नाही, हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

तारखेचा प्रश्न आपल्याकडे ऋतूशी बांधलेला आहे. गौरी-गणपतीचा माल ऐन पावसाळ्यात करावा लागतो. मुंबईत आणि कोकणात त्या दिवसांत रंगाचा एक हात सुकायला दुप्पट वेळ जातो, आणि वॉर्निश वरून कोरडं वाटलं तरी कागदात गुंडाळल्यावर चिकटतं. मजुरीचे तास तेवढेच राहतात, दिवस मात्र वाढतात. दिवाळीच्या ऑर्डरची बोलणी गणपतीनंतर सुरू होतात, मग पितृपक्ष येतो आणि आगाऊ रक्कम द्यायचं बरेच लोक पुढे ढकलतात. म्हणजे प्रत्यक्ष हातात राहतात जेमतेम तीन आठवडे. संक्रांतीच्या वाणाला रथसप्तमीपर्यंत सवड असते, असं वाटतं खरं. पण हळदीकुंकवाची तारीख ज्यांनी आधीच कळवलेली असते त्यांना माल भोगीच्या आत हवा असतो.

आपल्या तासाची किंमत

हे एकदाच करायचं काम आहे, पण टाळलं की पुढचा सगळा हिशेब हवेत राहतो. समजा, या कामातून महिन्याला २५,००० रुपये मिळावेत अशी तुमची अपेक्षा आहे. दिवसाला सहा तास, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे १४४ तास. यात हातात ब्रश किती तास असतो? मेसेजना उत्तरं, फोटो, सामान आणणं, कुरिअरच्या रांगा हे सगळं वजा केलं तर ९० तास उरले तरी चांगलं. २५,००० भागिले ९० म्हणजे तासाला सुमारे २८० रुपये.

पुष्कळ जणी १४४ ने भागतात आणि दर १७५ वर आणतात. मग बाकीचे ५४ तास फुकट जातात.

एक नग आणि दीडशे नग

आता खरा हिशेब. किरकोळीत एक कोयरी करताना कच्ची लाकडी कोयरी ९० रुपयांना पडते, अस्तर (प्रायमर), रंग आणि वॉर्निश मिळून २२, खोकं-कागद-चिठ्ठी ३०. सामान एकूण १४२ रुपये.

दीडशेच्या ऑर्डरला हेच सामान स्वस्त होतं. सावंतवाडीची चितारआळी लाकडी वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या किंवा तुमच्या जवळच्या कारागिराला एकगठ्ठा काम दिलं तर तो भाव कमी करतो. रंगाच्या छोट्या ट्यूबांऐवजी मोठी बरणी घेता येते. खोकी पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर शेकड्याने घेतली की फरक दिसतो. धरू या लाकूड ७२, रंग १५, खोकं १९, एकूण १०६ रुपये. रंग मात्र सगळा एकदम आणि एकाच लॉटचा घ्या. मध्येच संपला आणि दुसऱ्या लॉटचा आणला तर शेंदरी छटा थोडी सरकते, आणि दीडशे नग एका टेबलावर मांडले की ती लांबूनही दिसते.

वेळेकडे येऊ. एकच कोयरी करताना पॉलिश पेपर आणि अस्तर ८ मिनिटं, रंगाचे दोन हात ७, नक्षी २५, वॉर्निश ५, बांधणी ५, म्हणजे ५० मिनिटं. सुकण्याचा वेळ यात धरायचा नाही, तेव्हा तुम्ही दुसरं काही करत असता. दीडशे नग ओळीने लावून केले की घासणं ५ मिनिटांवर येतं, रंग ४, वॉर्निश ३, बांधणी ४. आणि नक्षी? हात बसतो, म्हणून २५ ची २२ होते. त्याखाली येत नाही. घाऊक कामातली ही एक जागा अशी आहे की जिथे संख्या वाढली म्हणून फारसं काही स्वस्त होत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते नेमके त्याच जागेचे.

ही मिनिटं अंदाजाने लिहू नका. दहा नग सलग करून घड्याळ लावून मोजा. पहिल्या नगाचा वेळ धरू नका, आणि उत्साहात केलेल्या सर्वांत वेगवान नगाचाही नको.

तर आता ३८ मिनिटं, तासाला २८० रुपयांनी मजुरी १७७ रुपये. सामान १०६ मिळवून २८३. यावर खराब होणाऱ्या नगांसाठी ५ टक्के धरा, कारण लाकडाला चीर असते, वॉर्निशमध्ये केस अडकतो, रंग ओघळतो. म्हणून कच्च्या कोयऱ्या दीडशे नव्हे, एकशे अठ्ठावन्न मागवायच्या. २९७ झाले. त्यावर वीज, मोबाईल, ब्रश, जागा अशा वरखर्चाचे १० टक्के, म्हणजे ३२७.

ऑर्डरचा स्वतःचा खर्च

काही खर्च नगाला चिकटलेले नसतात, ऑर्डरला चिकटलेले असतात. नमुन्याचे दोन नग आणि त्यातले बदल यांचे ९०० रुपये, सामान आणायच्या फेऱ्या १,१००, माल पोचवणं १,७००, नाव-तारखेच्या चिठ्ठ्यांची छपाई ८००. एकूण ४,५००. दीडशे नगांवर वाटले तर नगाला ३० रुपये, म्हणजे आता आपण ३५७ वर आलो. ही तुमची खरी किंमत. त्यावर १५ टक्के नफा धरला की ४१० रुपये.

साडेचारशेवरून ४१०, म्हणजे सूट नऊ टक्क्यांच्या आसपास. हाताच्या कामात प्रामाणिक सूट बहुधा एवढीच निघते. चाळीस टक्के सूट देणारी माणसं एक तर किरकोळ भाव फुगवून ठेवतात किंवा स्वतःची मजुरी विसरतात.

याच ४,५०० रुपयांमुळे चाळीस नगांच्या "बल्क" ऑर्डरला सूट देणं परवडत नाही. यातले काही खर्च थोडे कमी होतील, पण सगळेच चाळिसांवर वाटायचे झाले तर नगाला ११२ रुपये फक्त धावपळीचेच होतात. त्यामुळे किती नगांपासून घाऊक भाव द्यायचा, ती संख्या एकदा ठरवून टाका. त्याखाली किरकोळ भाव, हसतमुखाने.

आणि सुरुवातीच्या त्या तीनशेचं काय होतं? दीडशे नगांचे ४५,००० मिळतात, खरा खर्च ५३,५०० च्या पुढे आहे. तरी खिशातून काही गेलं असं वाटत नाही, कारण तुटीचे साडेआठ हजार तुमच्याच मजुरीतून जातात. तासाला २८० ठरवलेले १९० होतात. पैसे हातात पडतात, फक्त महिनाभर राबून मन लागत नाही, आणि कारण कळत नाही.

घासाघीस: भाव नाही, काम कमी करा

काकू म्हणतील, "थोडं बघा ना ताई, एवढ्या घेतोय." म्हणणारच, आणि त्यात गैर काही नाही. इथे "बरं, ३८० करते" म्हणालात तर आधी सांगितलेला भाव खोटा होता असाच अर्थ निघतो. त्याऐवजी काय कमी केलं तर किती कमी होईल ते सांगा.

नक्षी साधी केली, म्हणजे भरगच्च वेलबुट्टीऐवजी काठाला ठिपक्यांची ओळ आणि मध्ये एक कमळ, तर २२ मिनिटांची ९ होतात. १३ मिनिटांचे ६१ रुपये वाचले. वरचीच पायरी-पायरीची आकडेमोड पुन्हा केली की भाव ३२९ येतो. खोक्याऐवजी कापडी पोटली दिली आणि दहा रुपये वाचले, तर ३१६. तिन्ही पर्याय फोटोंसह पाठवा: ४१०, ३३०, ३१५. निवड त्यांची. माझ्या पाहण्यात बहुतेक जण मधला घेतात, आणि काही जण भरगच्च नक्षीवरच अडून बसतात, कारण आता त्यांना तिची किंमत कळलेली असते.

उलट दिशेनेही हेच करायचं. प्रत्येक कोयरीवर त्या-त्या पाहुणीचं नाव हवं? चार मिनिटं, मजुरीचे १९ रुपये, खराबा-वरखर्च-नफा धरून २५ रुपये जास्त. नावांची यादी लेखीच मागा, त्यांनी टाइप केलेली, फोनवर सांगितलेली नको. 'स्मिता' की 'सुस्मिता', 'वहिनी' लिहायचं की नुसतं नाव, हे सगळं त्यांच्या यादीप्रमाणे. यादीत चूक असेल तर नवा नग पूर्ण भावाने, तुमच्याकडून चूक झाली तर तुमच्या खर्चाने. हे आधी ठरलेलं असलं की लग्नघरात वाद होत नाहीत.

"पुढच्या वर्षी मोठी ऑर्डर देऊ, या वेळी सांभाळून घ्या," हे वाक्यही ऐकायला मिळेल. पुढच्या वर्षीची सूट पुढच्या वर्षीच्या ऑर्डरवर देता येते, एवढं गोड शब्दांत सांगायचं.

तेवढे हात आहेत का?

दीडशे नग गुणिले ३८ मिनिटं म्हणजे ९५ तास. तुमचा महिन्याचा ब्रशचा सगळा वेळ ९० तासांचा. म्हणजे ही एक ऑर्डर घेतली की महिनाभर बाकीची विक्री बंद. हे चालणार असेल तर उत्तम, पण माहीत असायला हवं.

मदत घ्यायची तर घासणं, रंगाचे हात, वॉर्निश आणि बांधणी दुसऱ्याकडे देता येते. ती १६ मिनिटं गेली की तुमच्याकडे नक्षीचे ५५ तास उरतात. बारीक नक्षी दिवसाला चार तासांच्या वर करू नका. मनगट आणि मान पुढच्या ऑर्डरलाही लागणार आहेत. तरीही चौदा दिवस लागतातच. मदतनीस बाईंना नगावर पैसे ठरवून द्या आणि त्यांनी केलेलं काम तुम्ही तपासणार, दुरुस्त करणार हे धरून चाला. मदत स्वस्तात मिळाली म्हणून गिऱ्हाइकाचा भाव खाली आणू नका. तो फरक शिकवण्यात आणि निस्तरण्यात संपतो.

ऑर्डर फार घाईची असेल तर त्याचे वेगळे पैसे लावा. रात्री जागून केलेल्या कामाला २० ते २५ टक्के जास्त मागणं अजिबात वावगं नाही. आणि मांडवाला दहा दिवस उरलेले असताना दीडशे नगांना "हो" म्हणू नका. तिथे भाव कितीही मिळाला तरी लाकूडच वेळेवर येत नाही.

नमुना आणि आगाऊ रक्कम

नमुना विकत द्यायचा. ५०० रुपये घ्या आणि ऑर्डर पक्की झाली की अंतिम बिलातून वजा करा. फुकट नमुने गोळा करणारी माणसं याने आपोआप बाजूला होतात. पसंत पडलेल्या नमुन्याचा एक जोड-नग स्वतःकडे ठेवा, म्हणजे पुढे "रंग असा नव्हता" म्हणाले तर दाखवायला काही असतं. सोबत हेही लिहा की हाताचं काम असल्याने नगानगात किंचित फरक राहील.

दीडशे नगांचं बिल ६१,५०० रुपये. निम्मी रक्कम, ३०,७५० आगाऊ घेतली तर सामानाचे १५,९०० आणि ऑर्डरचे ४,५०० सुटून मजुरीचेही थोडे हातात येतात. हीच कसोटी ठेवा: आगाऊ रकमेतून सामान पूर्ण सुटलं पाहिजे. नगांवर वर-वधूंची नावं असतील तर ६० टक्के घ्या, कारण लग्न मोडलं तर तो माल दुसऱ्या कुणाला देता येत नाही. उरलेली रक्कम माल ताब्यात देण्याआधी. सगळे नग मांडून व्हिडिओ पाठवायचा, पैसे आले की गाडी निघते. नातेवाईक आणि शेजारी यांनाही हाच नियम, किंबहुना त्यांनाच आधी.

पोचवायचा खर्च मोजताना कुरिअरवाले खोक्याचा आकारही मोजतात हे लक्षात ठेवा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं, येतं ते किलो. ४५ बाय ४५ बाय ४० चं खोकं आत कापूस भरला तरी १६.२ किलोचं धरलं जातं. पोटली आणि खोकं यांतला फरक इथे पुन्हा एकदा जाणवतो.

ऑर्डर कंपनीची असेल तर

दिवाळीच्या भेटी घेणाऱ्या कंपन्यांचा भाव सहसा घासला जात नाही, त्यांचे पैसे मात्र उशिरा येतात. त्यासाठी आधीच उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर आधारच्या साहाय्याने होते आणि मोफत आहे; पैसे मागणारी दुसरी संकेतस्थळं टाळा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते, अशी आयकरातली तरतूद २०२४ पासून लागू आहे. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापला की हिशेब विभागाची फाइल जरा लवकर हलते. नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी. माल दिल्यावर केलेल्या नोंदणीचा त्या बिलासाठी आधार घेणं अवघड जातं.

"जीएसटी बिल द्याल का?" हा दुसरा प्रश्न. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा बंधनकारक नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही, तेव्हा तसा आकडा चुकूनही लिहू नका. तुम्ही सामानावर भरलेला कर हा तुमचा खर्चच, तो नगाच्या किमतीत धरलेला असला पाहिजे. आणि भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर कंपनीला कराचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) तसंही मिळत नाही, म्हणून "जीएसटी बिल नाही तर आमचं नुकसान" हे भेटवस्तूंच्या बाबतीत फारसं खरं नसतं. हे नम्रपणे सांगितलं तर बऱ्याचदा पटतं.

माल राज्याबाहेर जाणार असेल तर नियम बदलतात. अधिसूचित हस्तकला वस्तूंना नोंदणीतून सूट आहे, पण त्यासाठी पॅन आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन काढायचं कागदपत्र) लागतं, रक्कम लहान असली तरी. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, ते करसल्लागाराकडून एकदा पाहून घ्या.

कंपनीने स्वतःच्या बाटल्या किंवा डायऱ्या पाठवून "यावर फक्त रंगवून द्या" म्हटलं, तर तो मालाचा नाही, कामाचा व्यवहार होतो. एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर गेली की त्यातून एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापतील. तो विवरणपत्र भरताना तुमच्या नावावर जमा धरला जातो. जीएसटी नोंदणीची मर्यादाही तिथे २० लाखांची असते. अशा कामात सामानाचा नफा मिळत नाही, म्हणून मजुरीचा दर थोडा वर ठेवा, आणि खराब झालेल्या डायरीची जबाबदारी कुणाची ते आधी ठरवा. पाच टक्के जास्त नग पाठवायला सांगणं हा सोपा उपाय.

कोटेशनमध्ये काय लिहायचं

फोनवर ठरलं तरी एक पान पाठवायचंच, व्हॉट्सॲपवर चालेल. उदाहरणार्थ:

"१५० लाकडी कोयऱ्या, नक्षी 'ब' नमुन्याप्रमाणे, कापडी पोटलीसह, नगाला ३१५ रुपये, एकूण ४७,२५० रुपये. नावं लिहिण्याचे वेगळे. ५० टक्के आगाऊ मिळाल्यापासून २५ दिवसांत माल तयार. आगाऊ रक्कम परत होणार नाही. नमुना पसंत केल्यावर बदल झाल्यास भाव आणि तारीख पुन्हा ठरेल. पुण्यात एका पत्त्यावर पोचवणं भावात धरलं आहे. नक्षीचे हक्क आमच्याकडे राहतील. हा भाव १५ दिवसांसाठी."

हक्कांचं वाक्य नवख्यांना जास्तीचं वाटतं. ते गाळू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन कुणी सांगून करून घेतलेल्या चित्राचे पहिले हक्क, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, करून घेणाऱ्याकडे जातात. म्हणजे तुमचं कमळ उद्या त्यांनी छापून विकलं तर तुम्हाला फार बोलता येणार नाही. कंपनीला ती नक्षी फक्त स्वतःसाठी हवी असेल तर जरूर द्या, पण त्याची रक्कम नगाच्या भावात न मिसळता वेगळ्या ओळीत लिहा.

आणि १५ दिवसांची मुदत संपल्यावर कुणी जुना मेसेज पुढे करून "तुम्हीच तर ३१५ म्हणाला होतात" म्हटलं, तर लाकडाचा आजचा भाव विचारून नवं पान पाठवायचं.